चौदाशे चौऱ्याहत्तरच्या इंदूमावशी

"तुझं वर्ष कुठलं?"

इंदूमावशी रेगे मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नवरा काय करतो, इथे येऊन किती काळ झाला, यातलं काहीच विचारलं नाही. एकदम हेच. अप्पर हटहून वेलिंग्टनला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये त्या माझ्या समोरच्या सीटवर बसल्या होत्या. सुती पातळ, त्यावर मुलाचं भलंमोठं रेनजॅकेट, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. मी फोनवर मराठीत बोलत होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्या सभ्यपणे खिडकीबाहेर नदी बघत राहिल्या आणि मग पुढे वाकल्या.

मला वाटलं जन्मसाल विचारतायत. ते सांगून टाकलं.

"ते जन्माचं झालं. ते काय आपण निवडून घेतो? स्वतःचं असं कुठलं?"

"स्वतःचं असं... नाहीये बहुतेक."

"नसतं बऱ्याच जणांना," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "माझं चौदाशे चौऱ्याहत्तर."

तेवढ्यात तिकीट बघणारा आला. चांगला आडव्या अंगाचा, दाढीवाला माणूस. मावशींनी "किया ओरा" असा इथला नमस्कार करून त्यालाही तोच प्रश्न त्यांच्या स्वच्छ, थोड्या पुस्तकी इंग्रजीत विचारला. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "एटी-सेव्हन. आपण रग्बीचा वर्ल्ड कप जिंकलो ते."

"बघ," मावशी मला म्हणाल्या, "त्याला लगेच कळलं."

ही २०१२ची गोष्ट. मावशी नुकत्याच मुंबईहून मुलाकडे आल्या होत्या. यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा अमोल सिव्हिल इंजिनिअर. भूकंपानंतर क्राइस्टचर्चची पुन्हा उभारणी चालू होती, त्यामुळे तो सोमवारी पहाटे विमानानं तिकडे जायचा, हॉर्नबीत एका खोलीत राहायचा आणि शुक्रवारी परत यायचा. घरी असायच्या सून केतकी, नात इरा आणि मावशी. घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. अप्पर हट या नावाबद्दल मावशींचं मत पहिल्याच आठवड्यात तयार झालं होतं: "वरचा हट, खालचा हट. कोणाला एवढं हाकलतायत गं हे लोक?"

मावशींनी सगळी नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. त्या चौदाशे चौऱ्याहत्तरमध्ये जाऊन पडल्या त्याही तिथूनच. छापखान्यात एका ज्ञानकोशाचं काम आलं होतं. त्यात जागतिक साहित्याचा कालपट होता. वर्षवार नोंदी. कुठल्या वर्षाला अर्धं पान, कुठल्याला पान. पंधराव्या शतकात इटलीत छापखाने सुरू झाले, जुन्या ग्रंथांच्या प्रती निघू लागल्या, नव्या कवींना मागणी आली, म्हणून तिथपासून नोंदी लांबत गेलेल्या. आणि त्या गर्दीत चौदाशे चौऱ्याहत्तरच्या वाट्याला फक्त तीन ओळी. त्यातल्या एका ओळीत खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं दोन चुका केलेल्या.

"मला इतकं वाईट वाटलं," मावशी सांगायच्या. "आजूबाजूची सगळी वर्षं कशी अंगापिंडानं भरलेली, आणि हे मधे उभं. लग्नाच्या फोटोत एखादं पोर कोणाच्या तरी कोपराआड जातं ना, तसं. मी म्हटलं, जगातलं सगळं काही आपल्याच्यानं वाचून होत नाही. मग एक वर्ष घेऊ आणि ते पुरं करू."

आणि त्यांनी ते घेतलं. लोक मांजर घेतात तसं. नोकरी, संसार, सासूचं आजारपण, अमोलची बारावी हे सगळं चालू असताना त्या उरलेल्या वेळात चौदाशे चौऱ्याहत्तर सांभाळत होत्या. त्या वर्षी कुठे काय छापलं, कोणी काय लिहायला घेतलं, कोणाचं लिहून अर्धवट राहिलं, हे त्यांना पाठ होतं. लॅटिन त्यांना येत नव्हतं. त्याची अडचणही वाटत नव्हती. "मुद्रितशोधकाला अर्थ लागतो कुठे? अक्षर लागतं," असं त्या म्हणत. लायब्ररीतल्या लिंडाकडून त्या त्या काळच्या पुस्तकांची पानं इंटरनेटवरून छापून घ्यायच्या आणि घरी आणून लाल पेन्सिलीनं तपासायच्या. पाचशे वर्षांपूर्वीच्या कोणा जुळाऱ्यानं उलटा बसवलेला एन सापडला की त्यांचा दिवस चांगला जायचा. मी एकदा विचारलं, आता हे दुरुस्त कोण करणार? त्यांनी माझ्याकडे थोड्या करुणेनं पाहिलं. "दुरुस्त कोण करतं ते आपण बघायचं नसतं. खूण करायची आणि पुढे जायचं."

मी वेलिंग्टनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते हे कळल्यावर मात्र आमची गट्टी जमली. "म्हणजे तूही चुका शोधतेस," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी घरची झाले.

घरच्यांपैकी केतकीनं सासूचं वर्ष सहज स्वीकारलं होतं. "माझ्या आईचं रेकी आहे," ती म्हणायची, "त्यापेक्षा हे बरं. निदान मला झोपवून हात फिरवत नाहीत." इरा तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. आजीनं "जेवलीस का?" विचारलं की ती म्हणायची, "हीप्स, थँक्स," म्हणजे भरपूर. अमोलला मात्र हे सगळं टोचायचं. सरळ, सज्जन, आईवर जीव असलेला मुलगा. पण मित्र घरी आले की आईनं त्यांना वर्ष विचारू नये म्हणून तो धडपडायचा. ती विचारायचीच.

तशात मंडळाची दिवाळी आली. वेलिंग्टनच्या मराठी मंडळात दिवाळीला प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा. मावशींच्या नावावर मिसळ आली. त्यांनी होकार दिला आणि वर म्हणाल्या, "मी आमच्या वर्षाची करते." लोकांना वाटलं, त्यांच्या घराण्याची खास रीत असेल.

झालं असं, की मावशींना नुकताच एक शोध लागला होता. अमेरिका खंडातून मिरची, बटाटा, टोमॅटो आपल्याकडे आले ते चौदाशे चौऱ्याहत्तरनंतर बऱ्याच काळानं. त्या वर्षी ते इटलीत नव्हते, तसेच कोकणातही नव्हते. त्यामुळे हॉलमध्ये जी मिसळ आली तिच्यात मोड आलेली मटकी होती, आलं होतं, मिरी होती, पिंपळी होती. मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता, शेंगदाणा नव्हता. पाव तर नव्हताच. रंग नदीकाठच्या वाळूचा. मंडळाचे अध्यक्ष देशमुख यांनी पहिला घास घेतला आणि ते बराच वेळ चावत राहिले.

"मावशी, तर्री गाडीत राहिली का?"

"तर्री अजून जहाजातसुद्धा बसलेली नाही," मावशी म्हणाल्या.

हे इथवर निभलं असतं. पण देशमुखांच्या पत्नी, ज्यांचे सगळे उपास कडक असत, त्या हसून म्हणाल्या, "बाई, मग आमची साबुदाण्याची खिचडी तरी चालेल का तुमच्या वर्षात?" मावशींनी अगदी मनापासून, मदत करावी म्हणून, बोटांवर मोजून दाखवलं. साबुदाणा परका. दाणे परके. बटाटा परका. मिरची परकी. "मीठ आणि जिरं राहतं," त्या म्हणाल्या. "तेवढं खाऊन उपास केलात तर चालेल."

देशमुख वहिनींच्या आयुष्यातल्या सगळ्या एकादश्या एका वाक्यात निकालात निघाल्या होत्या. त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं काय खाल्लं?" मावशींनाही मग वाईट वाटलं. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि खूप विचार करून सांगितलं, "शिंगाडा आपला आहे हो. शिंगाड्याला काही झालेलं नाही."

अमोलनं घरी जाताना गाडीत रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला, असं केतकीनं मला नंतर सांगितलं.

उरलेल्या मिसळीचं पातेलं मावशींनी कुंपणावरून शेजारच्या आरोहाला दिलं. आरोहा माओरी, साठी ओलांडलेली, शाळेत स्वयंपाकघर सांभाळून निवृत्त झालेली. मावशी तिला आरोह म्हणत आणि अवरोह कुठे असं विचारत; आरोहाला ते न कळूनही ती हसत असे. तिनं मिसळ खाल्ली, स्वीट ॲज, म्हणजे झकास, म्हणाली, आणि पातेलं परत देताना त्यात भाजलेलं रताळं घालून दिलं. कुमारा. मावशींनी ते परत करायला हात पुढे केला. रताळंही परकं, तेही मागाहून आलेलं.

"तुमच्याकडे मागाहून आलं असेल," आरोहा म्हणाली. "आमच्याकडे होतं. तुझ्या त्या वर्षी माझे लोक इथे कुमारा लावत होते."

मावशी घरात आल्या, इराला कम्प्युटर लावायला सांगितला, खात्री करून घेतली आणि परत कुंपणाशी गेल्या. तिथेच उभ्या राहून त्यांनी रताळं सालासकट खाल्लं. त्यांच्या वर्षातला न्यूझीलंडचा तो पहिला घास. त्यानंतर रोज संध्याकाळी दोघी आरोहाच्या पायरीवर बसू लागल्या. आरोहाच्या आजीला पूर्वजांची नावं ओळीनं म्हणता यायची, आरोहालाही बरीच येत. बोटांवर पिढ्या मोजत ती मागे मागे जायची आणि म्हणायची, हा साधारण तुझ्या वर्षाचा असावा. ईल माशांवरून भावाशी भांडला आणि रुसून डोंगरापलीकडे राहायला गेला. मावशी ते ऐकून थक्क व्हायच्या. मला म्हणाल्या, "मेधा, आम्ही आपलं छापलेलंच धरून बसलो होतो. इथे लोक ते साल तोंडानं सांभाळत होते. यात मुद्रणदोषसुद्धा नाही."

तीन ओळींचं वर्ष असं वाढत गेलं. लिंडाला ते इतकं आवडलं की २०१५च्या फेब्रुवारीत तिनं लायब्ररीत मावशींचं भाषण ठेवलं. दारावर कागद लागला: १४७४, सादरकर्त्या इंदुमती रेगे. मावशींनी काठापदराचं पातळ नेसून आरशासमोर तालीम केली. अमोलनं त्या दिवशी क्राइस्टचर्चहून लवकर यायचं कबूल केलं होतं, पण त्याचं विमान धुक्यात अडकलं. श्रोते मोजकेच. आरोहा, केतकी, मी, लिंडा, विणकामाचा वर्ग समजून आलेल्या दोन बायका ज्या भाषणभर विणत राहिल्या, आणि मागच्या रांगेत पीटर नावाचे एक वयस्कर गृहस्थ.

मावशी सुंदर बोलल्या. वर्ष जानेवारीपासून घेतलं. थंडीत शाई घट्ट व्हायची, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत छापखान्यात काय हाल होत असतील, तरीही त्या दोन महिन्यांत कोणती कोणती पुस्तकं पुरी झाली, हे त्यांनी घरातलंच बाळंतपण सांगावं तसं सांगितलं. टाळ्या पडल्या. प्रश्न आहेत का, लिंडानं विचारलं. पीटरनी हात वर केला. ते एके काळी विद्यापीठात इतिहास शिकवत होते, फार नम्र माणूस.

"जानेवारी-फेब्रुवारीची जी पुस्तकं तुम्ही म्हणालात, त्यांची सालं तुम्ही कुठल्या शहराच्या हिशोबानं धरलीत?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा व्हेनिसमध्ये नवं वर्ष एक मार्चला लागायचं. फ्लॉरेन्समध्ये पंचवीस मार्चला. तिथल्या एखाद्या पुस्तकावर फेब्रुवारी चौदाशे चौऱ्याहत्तर असं छापलं असेल, तर आपल्या हिशोबानं ते पंच्याहत्तर होतं. अर्थात तुम्हाला हे माहीत असेलच."

मावशींना हे माहीत नव्हतं. ज्ञानकोशाच्या त्या तीन ओळींत नव्हतं, आणि पुढे त्यांनी जे जे वाचलं त्यातही कधी नजरेला पडलं नव्हतं. त्यांनी पीटरना हळू आवाजात विचारलं, "मग माझं वर्ष सुरू कधी होतं?"

विणणाऱ्या बायकांच्या सुया तेवढ्या थांबल्या.

त्यानंतर मावशी खचल्या. थट्टा वाटेल, पण घरात कोणी गेल्यासारखं झालं. ज्यांना त्यांनी इतकी वर्षं आपली मानलं होतं त्यातली काही पुस्तकं पुढच्या वर्षात निघून गेली होती, आणि आधीच्या वर्षातली काही अनोळखी पुस्तकं न विचारता दारात येऊन उभी होती. त्यांनी लाल पेन्सिल उचलली नाही. ट्रेनमध्ये कोणाला वर्ष विचारलं नाही. केतकीनं मला फोन करून सांगितलं, "आई सकाळपासून कॅलेंडरसमोर बसल्यात. रडत नाहीत. नुसत्या बसल्यात."

आणि नेमका याच वेळी अमोलनं आईच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज पुढे सरकवला. त्याला वैद्यकीय तपासणी लागते. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली वेळ मिळाली. अमोल क्राइस्टचर्चला, केतकीची मीटिंग, म्हणून गाडीनं मी घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, चेहऱ्यावर झोप कमी झाल्याच्या खुणा. रक्तदाब, छाती, डोळे, सगळं ठीक निघालं. सत्तरीच्या माणसाला विचारायचे म्हणून त्यानं स्मरणशक्तीचे दोन-चार साधे प्रश्न काढले.

"आत्ता कुठलं वर्ष चालू आहे, सांगाल?"

मी डोळे मिटले.

मावशी फार प्रामाणिकपणे म्हणाल्या, "तेच तर मला कळेनासं झालंय. व्हेनिसमध्ये लागलं नवीन. रविवारीच लागलं. पण फ्लॉरेन्समध्ये अजून जुनंच चालू आहे, पंचवीस तारखेपर्यंत."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांना एका ठरावीक वर्षाबद्दल आस्था आहे." हे वाक्य इंग्रजीत आणखी वाईट वाटतं. डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आणि मिसेस रेगे, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"अप्पर हट," मावशी म्हणाल्या. "इथे मात्र वर्ष कधी लागायचं ते मला आरोहाला विचारावं लागेल. ते लोक तारे बघून ठरवतात, थंडीत."

त्यानं ताबडतोब तज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी दिली.

शुक्रवारी अमोल आला तो थेट आईच्या खोलीत. मी आणि केतकी स्वयंपाकघरात होतो. भिंती इथल्या लाकडी, सगळं ऐकू येतं.

"आई, तिथे फक्त 'दोन हजार पंधरा' म्हणायचं. एवढंच. पुढे काही बोलायचं नाही."

"अरे, पण त्यानं विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी जे होतं ते सांगितलं."

"मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये! दोन हजार पंधराच आहे!"

"असेल ना. मी कुठे नाही म्हणते?"

"त्यांनी जर लिहिलं, की तुझं डोकं... तर ते तुला ठेवून घेणार नाहीत. मग जाणार कुठे तू? तिकडे गिरगावात आता कोण आहे तुझं?"

मावशींचा आवाज आला, एकदम बारीक: "अमोल, तुला वाटतं का मला वेड लागलंय?"

केतकीनं गॅस बंद केला.

"नाही गं," अमोल म्हणाला. "पण मला भीती वाटते. बाबांनाही आधी असंच झालं होतं. ते पण आधी तारखाच विसरायला लागले होते."

हे मला माहीत नव्हतं. मावशींचे यजमान शेवटी शेवटी कोणाला ओळखत नव्हते, आणि अमोल तेव्हा इकडे होता. आईचं साल चुकलं की त्याला बापाचं आजारपण आठवायचं. तो चिडायचा ते लाजेनं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"तसं नाही रे राजा," मावशी म्हणाल्या. "ते विसरत होते. माझं उलटं आहे. मला सुटत नाही."

मग दाराची कडी वाजली आणि अमोल बाहेर येऊन उगाचच फ्रिज उघडून उभा राहिला.

दोन आठवड्यांनी गुढीपाडवा होता. इथे तेव्हा शरद ऋतू लागलेला असतो, पानं गळायला लागतात, आणि कडुनिंब मिळणं तर कठीणच. पण केतकी दर वर्षी घराच्या मागच्या बाजूला, कपडे वाळत घालायच्या दांड्याला गुढी बांधायची. त्या वर्षी मला जेवायला बोलावलं होतं. केतकी फोनवर पंचांग उघडून संकल्पाची तयारी करत होती आणि इराला समजावत होती, की आपलं नवं वर्ष आज सुरू होतं.

"मार्चमध्ये?" इरा इंग्रजीत म्हणाली. "आजीच्या फ्लॉरेन्ससारखं?"

ती चेष्टा करत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण मावशी गंध उगाळत होत्या त्या थांबल्या.

"केतकी, आज किती तारीख?"

"एकवीस."

"आणि सनाचा शक करायचा तर वजा अठ्ठ्याहत्तर. होय ना?" त्यांचे ओठ हलू लागले. "चौदाशे चौऱ्याहत्तरातून अठ्ठ्याहत्तर गेले... तेराशे शहाण्णव. शके तेराशे शहाण्णव. चैत्रात लागलं, फाल्गुनात संपलं. अगं, चार दिवस इकडे की चार दिवस तिकडे, फ्लॉरेन्सवाल्यांचं आणि आपलं जवळजवळ एकच वर्ष!"

त्या गंधाच्या हातांनीच उभ्या राहिल्या. "म्हणजे त्यांच्या फेब्रुवारीतली पुस्तकं माझीच आहेत. ती माघात छापलीत. कोणी कुठे गेलं नाही. मीच वेड्यासारखी जानेवारीपासून मोजत बसले, साहेबाच्या कॅलेंडरवर!"

"पण व्हेनिसचं काय?" मी विचारलं. टेस्टिंगची सवय.

"व्हेनिसवाल्यांची जरा घाई असते," मावशी म्हणाल्या. "त्यांना सांभाळून घेऊ."

अमोल गुढीवर तांब्या उपडा घालत होता. तो तसाच हसायला लागला, तांब्या हातातून पडला, आरोहा काय झालं म्हणून कुंपणाशी आली, तर तिला मावशींनी ओरडून सांगितलं, "सापडलं! हरवलंच नव्हतं!" आरोहानंही दोन्ही हात वर केले. काय सापडलं ते तिनं विचारलं नाही. त्या दिवशीच्या श्रीखंडाबरोबर मिरची घातलेली बटाट्याची भाजी होती आणि मावशींनी ती दोनदा मागून घेतली.

तज्ज्ञांकडे एप्रिलमध्ये गेलो, या वेळी अमोल, केतकी, मी, असं सगळं लटांबर. डॉक्टर पिकल्या केसांचे, निवांत. त्यांनी आम्हालाही आत बसू दिलं, पण मधे बोलायचं नाही या बोलीवर. एक छापील कागद मावशींपुढे ठेवला आणि विचारलं, "आत्ता कुठलं वर्ष?"

अमोलनं माझ्या खुर्चीची कड घट्ट धरली.

"तुमच्या सरकारचं हवंय?" मावशींनी विचारलं.

"हो, आमच्याच सरकारचं," डॉक्टर हसू दाबत म्हणाले.

"दोन हजार पंधरा."

"ऋतू?"

"खिडकीत शरद, पंचांगात वसंत."

डॉक्टरांची पेन्सिल जराशी थबकली, पण त्यांनी काहीतरी लिहिलं. मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मावशींनी सगळं केलं. शेवटी डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. मावशींनी ते सांगितले आणि पुढे म्हणाल्या, "आणि तुमच्या या कागदावर चौथ्या ओळीत 'द' हा शब्द दोनदा पडलाय. मघापासून सांगायचं होतं, पण तुम्ही मोजत होतात."

डॉक्टरांनी कागद उचलून चष्म्याजवळ नेला. बहुधा त्याच कागदावर त्यांनी आजवर शेकडो म्हाताऱ्यांची परीक्षा घेतली असावी. ते म्हणाले, "मिसेस रेगे, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही." आणि अमोलकडे वळून, "तुमची आई थोडी दमवणारी आहे. पण तो आजार नव्हे."

अमोल पार्किंगमध्ये आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. आणि मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघून खुणेनं विचारत होत्या, की पार्किंगचे पैसे भरले का, कारण मिनिटं संपत आली होती. कायमच्या वास्तव्याची परवानगी पुढे यथावकाश आली. अमोलनं त्या दिवशी पेढे वाटले आणि देशमुख वहिनींना शिंगाड्याचे लाडू नेऊन दिले.

पुढची तीन वर्षं मावशी मला जवळजवळ रोज भेटत राहिल्या. २०१८च्या सुरुवातीला मला ऑकलंडला, अल्बनीत नोकरी लागली. निघायच्या आधी निरोप घ्यायला म्हणून रविवारी दुपारी गेले तर घरात फक्त इरा. ती आता उंच झाली होती, दारात टोस्ट खात उभी. "आजी नदीवर गेलीये," ती म्हणाली. चक्क मराठीत. मी इतकी चकित झाले की उत्तर इंग्रजीत दिलं.

उन्हाळ्यात हट नदीला पाणी कमी असतं, पण ओढ असते. लोक टायरच्या ट्यूबवर बसून वरून खाली वाहत येतात. मी पुलाजवळच्या गोट्यांवर उभी राहिले. पोरंटोरं येत होती, टॉग्जमधली, म्हणजे पोहायच्या कपड्यांतली, आरडाओरडा करत. त्यांच्या मागून, वळणावरून, दोन मोठ्या काळ्या ट्यूबा एकमेकींना दोरीनं बांधलेल्या आल्या. एकीत आरोहा होती. दुसरीत पंजाबी ड्रेसवर नारिंगी लाइफ जॅकेट घातलेल्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या, डोक्यावर अमोलची क्रिकेटची टोपी घातलेल्या इंदूमावशी. पाण्याबाहेर फक्त गुडघे आणि पावलं. चेहरा अत्यंत गंभीर. वळणावरच्या खळाळत्या पाण्यात त्या स्वतःभोवती गोल फिरत होत्या, त्यामुळे त्यांना मी दिसले, मग डोंगर दिसला, मग परत मी.

"मावशी, मी उद्या चालले!" मी ओरडले.

"काय?"

"उद्या! ऑकलंडला!"

त्यांनी दोन्ही हात काठाकडे केले, वल्ही मारल्यासारखे. काही उपयोग झाला नाही. आरोहा हसत सुटली. ट्यूब माझ्यासमोरून तशीच पुढे गेली, अगदी जवळून, हात लांब केला असता तर पाचेक फूट कमी पडले असते. मावशी फिरता फिरता मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं मेधा, थांबता येत नाही याला!" त्या कानाशी हात धरून ओरडल्या. "तू बोल! मला ऐकू येतंय!"

मी काठाकाठानं गोट्यांवरून ठेचकाळत पळत जमेल तितकं बोलत गेले. पुढे काठ संपला. त्यांची टोपी पुलाखालच्या सावलीत गेली, पलीकडे उन्हात एकदा दिसली, आणि आरोहाचं हसणं मात्र बराच वेळ पाण्यावरून येत राहिलं.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. केतकीचा फोन आला तेव्हा मी अल्बनीच्या बस स्टॉपवर उभी होते. माझ्या डोळ्यांपुढे त्या काही आजारी, अंथरुणावर आल्या नाहीत. त्या वळणावर गोल फिरत, मान वळवून, हाताचा द्रोण कानाशी धरून मला ऐकत होत्या.